गप्प बसवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

तर मंडळी, आज थोडं घरगुती तंत्रज्ञान. घाबरू नका, यात प्रोग्रॅमिंग वगैरे काही नाही. एक सेल आहे, एक घड्याळ आहे, एक काळा पडणारा स्क्रीन आहे आणि माझं एक ठाम मत आहे.

प्रत्येक खानदानात एक 'कॉम्प्युटरवाला' असतो. त्याने शिक्षण कशातलं घेतलंय याला महत्त्व नसतं. लग्नाच्या पंगतीत, साखरपुड्यात, अगदी कुणाच्या तेराव्यालासुद्धा त्याला बाजूला घेऊन विचारलं जातं, "अरे, आमचा तो कॉम्प्युटर जरा..." आमच्या घराण्यात हा मान माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, प्रिंटर सोडला तर सगळ्यात जास्त तक्रारी दोनच. एक, "घड्याळ चुकतंय." दुसरी, "मध्येच स्क्रीन काळा होतोय."

दोन्ही तक्रारी दिसायला किरकोळ. आणि किरकोळ म्हणूनच त्यांच्यावर सगळ्यात वाईट इलाज होतात. घड्याळ चुकतंय? "दुर्लक्ष करा, भिंतीवर घड्याळ आहे ना!" स्क्रीन काळा होतोय? सगळ्या सेटिंग्जमध्ये जाऊन जे दिसेल ते 'नेव्हर' करून टाका. तक्रार बंद, चहा पिऊन घरी. माझं म्हणणं असं की ही दुरुस्ती नव्हे. हे नुसतं गप्प बसवणं झालं. आणि त्याची किंमत दुरुस्ती करणाऱ्याला पडत नाही, त्या घरातल्या माणसाला पडते.

आधी घड्याळाचं बघू.

आमचे एक काका आहेत, निवृत्त, एकटेच राहतात. त्यांचा डेस्कटॉप बऱ्यापैकी जुना. काका शिस्तीचे असल्यामुळे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतात. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येई आणि खाली 'एफ-वन दाबा' अशी सूचना. काका एफ-वन दाबत. मग कॉम्प्युटर सुरू होई, पण तारीख दहा-बारा वर्षांपूर्वीची. मग पेपर वाचायला साइट उघडली की लाल पान, 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही'. कुणीतरी त्यांना शिकवलं होतं, "काही नाही काका, 'ॲडव्हान्स्ड'वर क्लिक करायचं, मग 'प्रोसीड'वर." बँकेच्या साइटवर मात्र पुढे जायचा तो मार्गच नसे. म्हणून ज्या दिवशी बँकेचं काम, त्या दिवशी काका आधी हाताने तारीख बदलत. असं जवळजवळ आठ महिने चाललं होतं. काकांची तक्रार एवढीच होती, "अरे, ते घड्याळ जरा मागे पडतंय रे."

आता यात बिघाड काय होता? मदरबोर्डवर बटणासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२. ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा. या नावातच त्याचं माप आहे, २० म्हणजे व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. कॉम्प्युटर बंद असताना आतलं छोटं घड्याळ या सेलवर चालू राहतं. प्लग चालू असेल तर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे सेल मेला तरी पत्ता लागत नाही. पण काकांसारखं रोज भिंतीवरचं बटण बंद केलं, की रात्रभर सगळा भार सेलवर. सेल संपलेला असेल तर घड्याळ थांबतं, आणि सकाळी मशीन आपल्या पोटात भरलेल्या जुन्या तारखेपासून सुरुवात करतं. सकाळी जी एफ-वनची सूचना येत होती ती नेमकं हेच सांगत होती. मशीन बिचारं रोज सांगत होतं, आणि काका रोज त्याचं तोंड बंद करत होते, कारण त्यांना तेवढंच शिकवलं होतं.

लाल पानाचंही तेच. सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ते तुमच्या कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतो. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते अजून दहा वर्षांपूर्वीचं साल असेल, तर आज दिलेलं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणून तो ओरडतो. कधीकधी तर तो स्पष्ट सांगतो की बाबा रे, तुझं घड्याळ मागे आहे.

सेल दोन वडापावांच्या किमतीत येतो. प्लग काढायचा, झाकण उघडायचं, जुना सेल काढून नवा बसवायचा (छापलेली, अधिक चिन्हाची बाजू वर), मग तारीख-वेळ लावायची. दहा मिनिटांचं काम. एक सूचना आवर्जून देतो, काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मूल घरात असेल तर मुळीच नाही. हे बटण-सेल गिळले गेले तर अन्ननलिकेला भाजल्यासारखी इजा होते, आणि तीही काही तासांतच.

पण सेल बदलून काम संपलं का? मला नाही वाटत. कारण आठ महिन्यांत काका एक गोष्ट पक्की शिकले होते, लाल पान आलं की 'पुढे जा'. त्यांच्या लेखी ते पान म्हणजे दारातलं पायपुसणं झालं होतं, ओलांडून आत जायचं. उद्या एखादी खरोखरच खोटी साइट समोर आली, आणि ब्राउझर बिचारा जीव तोडून ओरडला, तरी काका सवयीने तेच करणार. एका माणसाची धोक्याच्या सूचनेवरची श्रद्धाच आपण मोडून टाकतो, आणि ती सुद्धा दोन वडापाव वाचवायला! सेल बदलल्यावर काकांबरोबर अर्धा तास बसलो आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं, "काका, इथून पुढे हे लाल पान आलं तर थांबा आणि मला फोन करा." बदललेल्या सेलपेक्षा तो अर्धा तास जास्त महत्त्वाचा होता असं मला आजही वाटतं.

घड्याळ किती चुकतंय यावरून आजार बराचसा ओळखता येतो, हे मला फार आवडतं. वैद्यबुवांनी नाडी बघावी तसं. वर्षांचा फरक असेल तर सेल. बरोबर अर्ध्या तासाचा फरक असेल तर बहुधा यादीतून चुकून शेजारचा टाइम झोन निवडला गेलाय, कराची पाच तासांवर आणि ढाका सहा तासांवर, आपण मधोमध साडेपाचवर. (लिनक्समध्ये मुंबई शोधत बसू नका, मिळणार नाही. सगळ्या भारताला 'एशिया/कोलकाता' एवढा एकच पर्याय आहे.) आणि दोन-चार मिनिटांचा फरक असेल, तर नेटवरून वेळ जुळवणं बंद पडलंय. कॉम्प्युटरचं घड्याळ एका स्फटिकावर चालतं, सेकंदाला ३२,७६८ कंपनं. एकाला दोनाने पंधरा वेळा गुणत गेलात की हाच आकडा येतो, म्हणून तो निवडलाय. पण हा स्फटिक काही अचूकतेचा पुतळा नसतो. दहा लाखांत वीस भागांची चूक धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, म्हणजे वर्षाला दहा मिनिटं. म्हणून मधूनमधून दुसऱ्या कुणाला तरी वेळ विचारावी लागते.

ही विचारायची पद्धत म्हणजे एनटीपी. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली. तिचा पहिला मसुदा १९८५ सालचा, आणि मिल्स जानेवारी २०२४ मध्ये गेले. जगातले बहुतेक कॉम्प्युटर आजही त्यांच्याच पद्धतीने वेळ विचारतात. कल्पना सोपी आहे. तुम्ही पुण्याहून साताऱ्याला माणूस पाठवून विचारलंत, "किती वाजले?" तो परत येईपर्यंत वेळ पुढे गेलेली. मग निघाल्याची वेळ, तिथे पोचल्याची, तिथून निघाल्याची आणि परत आल्याची, अशा चार वेळा टिपून ठेवायच्या. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं धरून हिशेब केला, की आपलं घड्याळ किती चुकलंय ते कळतं. भारतात प्रमाणवेळ सांभाळायचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे, आणि त्यांचा वेळ सांगणारा सर्व्हरही आहे.

गंमत म्हणजे चूक फारच मोठी असेल तर एनटीपीचा मूळ प्रोग्रॅम वेळ दुरुस्त करायला चक्क नकार देतो. १००० सेकंदांहून जास्त फरक दिसला, की तो स्वतःहून बंद पडतो. कारण तेवढा फरक असेल तर कोण खोटं बोलतंय, आपलं घड्याळ की समोरचा, हे माणसानेच बघावं असं त्याचं म्हणणं. मला हा प्रोग्रॅम फार शहाणा वाटतो. न समजलेली चूक गुपचूप झाकायची नाही, एवढं त्याला कळतं.

आता साडेपाच तासांच्या फरकाबद्दल, कारण तो अगदी खास आपला आजार आहे. मावशीच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिच्या नातवाने विंडोजशेजारी लिनक्स बसवून दिलं. हेतू चांगलाच होता. पण त्यानंतर घड्याळ कधी साडेपाच तास मागे, कधी साडेपाच तास पुढे, आणि थोड्या वेळाने आपोआप बरोबर. मावशीने भुताटकी म्हणून सोडून दिलं. कारण असं, की आतल्या त्या छोट्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहून ठेवतं, आणि लिनक्स सहसा जागतिक वेळ लिहितं. लिनक्सने सकाळच्या साडेदहाला आत 'पाच' लिहून ठेवलं. नंतर विंडोज सुरू केलं, त्याने ते 'पाच' स्थानिक समजून तसंच दाखवलं. मग नेटवरून चूक सुधारली आणि त्याने आत साडेदहा लिहिलं. आता लिनक्स ते जागतिक समजणार आणि दुपारचे चार दाखवणार!

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, हे लक्षात घ्या. नुसता संकेतातला फरक. मुंबईकरांना हे नवीन वाटू नये. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई कित्येक वर्षं स्वतःचा 'बॉम्बे टाइम' चालवत होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९५५ पर्यंत तो तग धरून होता. रेल्वेची वेळ वेगळी, गावातली वेगळी, आणि दोन्ही घड्याळं अचूक! अशा वेळी घड्याळ पुन्हा पुन्हा हाताने लावून काय उपयोग? कुठला संकेत पाळायचा हे एकदा ठरवावं लागतं. लिनक्सला 'तूही आत स्थानिक वेळच लिही' किंवा विंडोजला 'तू जागतिक लिही' असं एकदा सांगितलं की विषय संपला. कारण कळल्याशिवाय मात्र तुम्ही जन्मभर काटे फिरवत बसणार.

आता काळ्या स्क्रीनकडे वळतो.

जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटत असे. म्हणून स्क्रीनसेव्हर आले, उडते टोस्टर आणि पोहणारे मासे. पुढे १९९३ मध्ये मॉनिटरला झोपवण्याचा एक ठरलेला संकेत आला, त्यामागे वीज वाचवणं होतं. मॉनिटर बदलले, सपाट झाले. साध्या एलसीडीवर तसे डाग पडत नाहीत (ओलेडवर मात्र अजूनही पडू शकतात, जपा). कारण बदललं पण सवय राहिली, पाच-दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की पडदा काळा.

पण 'काळा स्क्रीन' हा एक आजार नाही, निदान पाच आहेत. नुसता मॉनिटर झोपलाय. स्क्रीनसेव्हर लागलाय आणि तो काळाच आहे. स्क्रीन लॉक झालाय. अख्खा कॉम्प्युटर झोपलाय. किंवा खरोखरच केबल सैल आहे. ओळखायचं कसं? गाणं चालू असेल आणि काळ्या पडद्यामागून ते ऐकू येत राहिलं, तर कॉम्प्युटर जागा आहे. कीबोर्डवरचं नम-लॉक दाबल्यावर दिवा बदलला, तर जागा आहे. माउस हलवल्यावर पासवर्ड मागितला, तर लॉक आहे. 'नो सिग्नल' अशी अक्षरं उमटली तर मॉनिटर ठीक आहे, त्याला पलीकडून काही मिळत नाहीये. आणि काम करता करता, हात कीबोर्डवर असतानाच पडदा गेला, तर तो कुठल्याही सेटिंगचा दोष नव्हे, केबल किंवा मॉनिटर बघा.

मावशीच्या भजनी मंडळाचे अभंग तिने पीडीएफमध्ये साठवलेत. पेटीवर हात, समोर स्क्रीन. दुसऱ्या कडव्याला पडदा काळा! सिनेमा बघताना असं होत नाही, कारण व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम 'अजून माणूस बघतोय, झोपू नकोस' असं सांगत असतो. पीडीएफ वाचणारा सहसा तसं सांगत नाही. आणि पेटीवर हात असलेला माणूस माउस हलवत नाही, म्हणून कॉम्प्युटरच्या मते तो उठून गेलेला असतो. दुरुस्तीच्या माणसाने काय केलं असेल? सगळं बंद! पडदा झोपणं बंद, कॉम्प्युटर झोपणं बंद, लॉक बंद, आणि जाता जाता पासवर्डही काढून टाकला, "मावशी, आता काही त्रास नाही." खरंच त्रास नव्हता. फक्त दिवसभर माणसांची ये-जा असलेल्या घरात मावशीची मेल, फोटो आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेले सगळे पासवर्ड कुणालाही उघडे होते. तिला पडदा अर्धा तास चालू हवा होता. दुरुस्ती करणाऱ्याने दाराची कडीच उपटून नेली.

पडदा काळा होणं आणि लॉक होणं ही वेगळी सेटिंग्ज आहेत. मावशीचा पडदा आता चाळीस मिनिटांनी झोपतो, लॉक कायम आहे, आणि उठून जाताना विंडोज-एल दाबायचं हे तिने दोन दिवसांत आत्मसात केलं. "एवढंच होतं होय रे?" असं म्हणाली. एवढंच होतं.

या दोन तक्रारींचं आतून नातंही आहे बरं का! जुन्या लिनक्सवर एक चमत्कार होत असे. सेल मेलेला, कॉम्प्युटर जुन्या तारखेला उठलेला, मग नेट जोडलं गेलं आणि घड्याळ एकदम कित्येक वर्षं पुढे उडालं. झालं! पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने हिशेब केला, शेवटचा माउस हलला त्याला कित्येक वर्षं झाली, आणि पडदा काळा करून टाकला. माणूस समोर बसलेला असताना! पुढे यावर उपाय म्हणून दोन वेगळी घड्याळं वापरू लागले. एक 'किती वाजले' सांगणारं, जे दुरुस्त करता येतं. दुसरं 'किती वेळ गेला' मोजणारं, जे कधीच मागे जात नाही आणि कुणी तारीख बदलली तरी उडी मारत नाही. कारण शोधल्यामुळे हा इलाज सापडला. नुसता पडदा कायमचा चालू ठेवला असता तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

कुणी म्हणेल, हे तुमच्यासारख्यांना ठीक आहे, घरातल्या माणसाला काम झाल्याशी मतलब. मान्य. फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे आणि रात्रीचे अकरा वाजलेत, तेव्हा खुशाल हाताने तारीख लावा आणि फॉर्म भरा. तिथे प्रवचन नको. पण दुसऱ्या दिवशी परत जा. तात्पुरतं केलेलं आपल्याकडे कायमचं होतं, हा अनुभव रस्त्यांपासून नळांपर्यंत सगळीकडे आहेच, कॉम्प्युटर तरी त्यातून का सुटावा?

थोडा दोष हे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनाही द्यायला हवा. पडद्याची सेटिंग्ज तीन ठिकाणी, त्यांची नावं एकमेकांसारखी. सेल संपल्याची सूचना अशा भाषेत, की सत्तरीतल्या माणसाला ती शिवीसारखी वाटावी. पडदा काळा करण्याआधी 'पाच मिनिटं कुणी हात लावला नाही म्हणून झोपतोय' एवढं एक वाक्य लिहायला किती लागतं? मशीनने आपल्या वतीने काही ठरवलं असेल तर ते का ठरवलं हे सांगणं हा साधा शिष्टाचार आहे. आपण पाहुण्यांकडून सुद्धा तेवढी अपेक्षा करतो.

ते सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर, आपापल्या घराण्यातल्या तमाम कॉम्प्युटरवाल्यांना (आणि वालींना) माझी एक विनंती आहे. कुणाच्या घरी काही बंद केलंत, बदललंत, तर एका कागदावर ठसठशीत मराठीत लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा. काय केलं, का केलं, आणि पुन्हा तसं झालं तर काय करायचं. तीन ओळी पुरतात. काकांकडच्या कागदावर सेल बदलल्याची तारीखही आहे.

आणि नातेवाईक मंडळींनो, तुम्हालाही एक. "जरा घड्याळ मागे पडतंय" एवढंच सांगून थांबू नका. किती मागे, कधीपासून, आणि समोर काय लिहून आलं होतं, तेही सांगा. इंग्रजी असेल तर फोटो काढून पाठवा. मात्र पंगतीत नको, निदान जिलबी होईपर्यंत तरी थांबा. :-)